कुंभोजकर काकांचे कान

दूध खराब झालंय का हे नाकाने ओळखणारी माणसं आपल्या प्रत्येकाच्या घरात असतात. कानाने ओळखणारा माणूस मी एकच पाहिला. कुंभोजकर काका दुकानात दुधाचा कार्टन उचलायचे, कानाशी नेऊन दोनदा हलवायचे आणि तोंड वाकडं करून परत ठेवायचे. त्यावर छापलेल्या तारखेकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. "तारीख कोण छापतं? ज्याला दूध विकायचंय तोच ना?" असं त्यांचं म्हणणं. यावर काय बोलणार कप्पाळ!

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. माझा नवरा न्यू जर्सीत शिकत होता, आम्ही एडिसनला दोन खोल्यांत राहत होतो आणि मी एका कॅसेटच्या कारखान्यात नोकरीला लागले होते. कंपन्या गाण्यांची मास्टर टेप पाठवायच्या, आमच्याकडे तिच्या हजारो कॅसेट निघायच्या. माझं काम हेडफोन लावून बसायचं आणि त्यातली नमुन्याची कॅसेट ऐकायची. खरखर असली, आवाज डळमळला, की लाल खडूने फुली. माझ्या शेजारच्या टेबलावर कुंभोजकर काका. आलेली मास्टर टेप सगळ्यात आधी त्यांनी ऐकायची, मग बाकीच्यांनी. कारखान्यातल्या गोऱ्या साहेबाला त्यांचं नाव म्हणता येत नसे, म्हणून तो त्यांना 'मिस्टर के' म्हणायचा. मग सगळेच म्हणायला लागले.

पहिल्या दिवशी मी मराठी माणूस दिसला म्हणून हरखून गेले. म्हटलं, "नमस्कार काका, मी नागपूरची."

त्यांनी हेडफोनचा एक कान बाजूला केला. "कुणी पाठवलं तुम्हाला?"

"म्हणजे?"

"साहेबानं माझ्या शेजारी मराठी बाई का बसवली? मी फोनवर काय बोलतो ते कळायला?"

बाप्पा! मला असा राग आला म्हणून सांगू. मी म्हटलं, "काका, तुम्ही फोनवर काय बोलता ते ऐकून साहेबाला काय मिळणार आहे? तुमच्या सुनेनं आज भाजी कोणती केली ते?" त्यावर ते हसले नाहीत. आठवडाभर माझ्याकडे पाठ करून बसले. नवव्या-दहाव्या दिवशी आपणहून म्हणाले, "सुमनबाई, तुमचा आवाज सरळ आहे. लबाड माणसाचा आवाज वाक्याच्या शेवटी वर जातो." ही मी पावतीच समजले.

ते मूळचे सांगलीचे. चाळीस वर्षं पेट्यांचे सूर लावायचं काम केलेलं. बाजाच्या पेटीतली पितळेची एकेक पट्टी काढायची, टोकाला घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो, असं घासत घासत सगळी पेटी सुरात आणायची. मुलाने इकडे बोलावून घेतलं तेव्हा बरोबर एक कानस आणि एक फडकं घेऊन आले होते. कानस त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनासारखी असायची. इतका संशय कशाला घेता सगळ्यांचा, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पेट्या बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात, बाई. उघडल्यावर कळतं आत कुणी काय कोंबलंय ते."

कॅन्टीनमध्ये डबा खाताना शेजारच्या खुर्चीवर ते आपली पिशवी ठेवायचे. कुणी येऊन बसू नये म्हणून. मीसुद्धा समोर बसायचे, शेजारी नाही. बसमध्येही तेच. एकदा एका म्हाताऱ्या बाईने पिशवीकडे बोट दाखवून विचारलं, तर काका म्हणाले, "समवन इज कमिंग." दोन वर्षांत कुणीही आलं नाही.

एकदा आमच्याकडे जेवायला बोलावलं. आल्या आल्या स्वयंपाकघरात गेले आणि फ्रिजसमोर उभे राहिले, हात मागे बांधून. मला वाटलं पाणी हवंय. म्हणाले, "ऐका."

"काय ऐकू? फ्रिज आहे तो."

"आपल्याकडचा फ्रिज यापेक्षा खाली गुणगुणतो. सांगलीतल्या विजेचा सूर सा धरलात ना, तर इथली वीज कोमल गंधारावर आहे. सगळीकडे. माझ्या घरी, तुमच्या घरी, कारखान्यात. पहिले सहा महिने मला झोप येत नव्हती, मग कळलं का ते."

नवरा इंजिनीअर. त्याने कागद ओढला, तिकडच्या आणि इकडच्या विजेची काहीतरी आकडेमोड केली आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "यार, बरोबर आहे हे!" काका त्याच्याकडे बघून म्हणाले, "कागदावर करून बघायला लागलं का तुम्हाला?" आणि मग पानावर बसले. आमटी आधी बोटाने चाखली.

त्यांच्या कानांची ख्याती मात्र तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत झाली. एका शाळेच्या जिममध्ये कार्यक्रम होता आणि आपल्यातलेच एक बडे डॉक्टर नाट्यगीत गाणार होते. गायले हो छान! तानांवर टाळ्या पडल्या. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर काका मागच्या रांगेतून उठले आणि मोठ्याने म्हणाले, "हे गात नाहीयेत. टेप गातेय."

काय गोंधळ झाला! कुणी म्हणालं, म्हाताऱ्याला बाहेर काढा. डॉक्टरांच्या सौ. रडायला लागल्या. काका शांतपणे म्हणाले, "त्यांना माइकपासून दोन हात लांब जाऊन गायला सांगा." डॉक्टर काही लांब गेले नाहीत. हातच्या काकणाला आरसा कशाला? पडद्यामागे टेपरेकॉर्डर निघाला. नंतर सहा महिने आम्हाला मंडळाचं एकही बोलावणं आलं नाही, कारण काकांना गाडीतून मीच नेलं होतं. पण कारखान्यात मी ही हकिकत तिखटमीठ लावून सांगितली. ऐकणाऱ्यांत डोरोथी होती. आता वाटतं, नसती सांगितली तर बरं झालं असतं.

डोरोथी पॅकिंगला होती. पन्नाशीची, उंच, काळी, नेहमी इस्त्रीच्या ब्लाउजमध्ये. नुअर्कला राहायची, रविवारी चर्चच्या गाणाऱ्या मेळ्यात पुढच्या रांगेत उभी राहायची. मला गरोदरपणात उलट्या व्हायच्या तेव्हा तिने खारी बिस्किटं आणून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली होती, न बोलता. कारखान्यात माझी म्हणावी अशी ती एकच.

तिचा धाकटा भाऊ रूबेन टॅली. सोल गायचा. तिकडच्या काळ्या लोकांच्या चर्चमधून निघालेलं ते गाणं, देवासाठीचा आर्त सूर तसाच ठेवून माणसासाठी म्हटलेलं. रूबेनची सत्तरच्या आसपासची एक रेकॉर्ड खूप चालली होती. तिच्यात तो नुसता ओरडायचा, पण ओरडणं सुरात, अंगावर काटा आणणारं. मग फॅशन बदलली. नाचायची गाणी आली, रूबेन कॅलिफोर्नियाला गेला, चमचमते कोट घालून ठेक्यावर पातळ आवाजात गायला लागला. डोरोथीने त्याला फोनवर सांगितलं, "तू आईचा आवाज विकलास." त्याने फोन ठेवला. पुढे चार वर्षं बहीणभावंडं बोलली नाहीत. पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात तो आजारी पडल्याचं तिला कळलं, ते तो गेल्यावरच.

त्यांची आई तेव्हा ऐंशीच्या पुढची. डोळे गेलेले, दिवसभर खिडकीशी बसायची. रूबेन मरायच्या आधी नवीन गाणी रेकॉर्ड करत होता, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. ती डोरोथीला रोज विचारायची, "रूबेनची नवी टेप आली का?"

आणि ती टेप आली ती आमच्याच कारखान्यात. नोव्हेंबर असेल. लहानशी कंपनी होती, तिने रूबेनने मागे ठेवलेल्या गाण्यांना वाजंत्री लावून अल्बम काढला होता. वेष्टनावर फोटो पंधरा वर्षांपूर्वीचा. काका तो हातात धरून म्हणाले, "फोटो जुना, टेप नवीन. मधला माणूस कुठे आहे?"

डोरोथी जेवणाच्या सुट्टीत आमच्या टेबलाशी आली. हातात रूबेनची ती जुनी रेकॉर्ड, छातीशी धरलेली. मला म्हणाली, "मिस्टर केंना विचार, हा खरंच माझा भाऊ आहे का. मला ऐकवत नाही. मशीनचे ड्रम ऐकले आणि हेडफोन काढून ठेवला. पण शेवटचं गाणं आमच्या आईचं आहे. स्वयंपाक करताना म्हणायची ती, नदी पार करण्याबद्दलचं. ते त्याने स्वतःहून म्हटलं असेल तर..." मग म्हणाली, "तर तो परत आला होता. आणि मग मला आईला ते ऐकवायलाच हवं. पण कंपनीने काही जोडतोड केली असेल, तर त्या आंधळ्या बाईला मी खोटा मुलगा ऐकवणार नाही."

काकांनी दोन दिवस घेतले. जुनी रेकॉर्ड शिपिंगच्या खोलीतल्या प्लेअरवर लावून ऐकली, मग नवी टेप. टेबलाखाली मांडीवर बोटं चालायची, न दिसणाऱ्या पेटीवर. तिसऱ्या दिवशी त्यांनी डोरोथीला बोलावलं. ते मराठीत बोलले, मी इंग्रजीत सांगत गेले.

"जुन्या रेकॉर्डवर पहिली चारही गाणी पेटीच्या काळी दोनमध्ये. चारही. म्हणजे ती याची पट्टी. गवयाची पट्टी म्हणजे त्याचं घर, तो आयुष्यभर तिथूनच गातो. नव्या टेपमधलं शेवटचं गाणं पांढरी एकमध्ये आहे. तीन घरं खाली. आवाज जड, लांब ओढलेला. शेवटी खोकतो, तो खोकलासुद्धा जड. माणसाची पट्टी अशी घसरत नाही. टेप सावकाश फिरवली की मात्र बरोबर अशी घसरते. यांनी कुठलं तरी जुनं गाणं घेतलं, सावकाश केलं, आजच्या फॅशनला बसवलं. त्याने हे असं गायलेलं नाही."

मी विचारलं, "काका, खात्री आहे ना? त्या बाईच्या आईचा प्रश्न आहे."

"सूर खोटं बोलत नाही, सुमनबाई. माणसं बोलतात."

मी सांगितलं डोरोथीला, जसंच्या तसं. ती ऐकत राहिली आणि मग तिने मान हलवली, दोन-तीनदा, आपल्याला हे ठाऊकच होतं अशी. काकांचा हात धरून "थँक्यू" म्हणाली. मला तिचा चेहरा तेव्हा मोकळा झालेला वाटला. याचं मला नवल वाटलं होतं, पण मी विचारलं नाही.

त्यानंतरचे दीड-दोन महिने मला आठवले की अजून कसंतरी होतं. रूबेनच्या कॅसेटचं पॅकिंग डोरोथीच्याच टेबलावर होतं. हजारो कॅसेट तिच्या हातांखालून खोक्यांत जात होत्या. घरी गेली की आई विचारायची, "टेप आली का?" आणि ती सांगायची, "अजून नाही, ममा." हे मला तिनेच सांगितलं. म्हणाली, "खोटं गाणं ऐकवण्यापेक्षा खोटं बोललेलं बरं. हो ना?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

काका मात्र खुशीत होते. कंपनीला मारे पकडलंय अशा थाटात फिरायचे. ड्रम मशीनचे आहेत ते तर खरंच होतं, फोटो जुना होता ते खरंच होतं. नऊ संशय खरे निघाले की दहावा तपासायची माणसाला गरज वाटत नाही.

जानेवारीत म्हातारी गेली. झोपेत. बर्फ पडून रस्ते चिखल झालेले, तरी मी गाडी काढली. काका म्हणाले, "मीही येतो." चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो. काकांनी शेजारी पिशवी ठेवली.

प्रार्थना झाली, मग एक जाडजूड बाई गायला उठली. ऑर्गनवाल्याने सूर धरला. तिने छातीवर हात ठेवून त्याला म्हटलं, "आज खाली घे रे, वर जात नाही माझ्याच्याने." त्याने लगेच खाली घेतलं. काकांनी मला कोपर मारलं. "काय म्हणाली ती?" मी सांगितलं. ते म्हणाले, "असं कसं? तिची पट्टी कुठली मग?"

बाई खालीच सुरू झाली. दुसऱ्या कडव्याला ऑर्गनवाल्याने अख्खं गाणं एक घर वर नेलं. ती गेली. तिसऱ्याला आणखी एक घर. सगळा मेळा गेला, सगळे लोक उठून उभे राहिले, रडत, टाळ्या वाजवत. एका गाण्यात तीन सा. आणि बाई बेसूर नव्हती हो, तिळमात्र नव्हती. मी काकांकडे पाहिलं. मांडीवरची बोटं थांबली होती. तोंड पांढरंफटक. मला वाटलं, यांना काही होतंय.

"काका, बाहेर जाऊ या का?"

"यांना पट्टी नसते," ते म्हणाले. "सुमनबाई, यांना घर नसतं, ही माणसं गाण्याप्रमाणे घर बदलतात. जुन्या रेकॉर्डची चार गाणी त्यांनी एका सुरात ठेवली असतील, वाजवणाऱ्यांच्या सोयीनं. आणि मी..."

सोमवारी मी कामावर पोचले तेव्हा ते आधीच येऊन बसले होते, कोट न काढता. रूबेनची मास्टर टेप मशीनवर होती. शेवटचं गाणं. त्याच्या शेवटी वाजंत्री थांबते, नुसता आवाज उरतो, मग थोडी शांतता आणि मग तो खोकला. ती शांतता ते पुन्हा पुन्हा लावत होते. हेडफोन एकाच कानाला, दुसरा कान उघडा.

"इथे या," म्हणाले. "त्या शांततेत काय ऐकू येतंय?"

मला काही नाही. खूप वेळाने, अगदी बारीक, गुणगुण.

"ती वीज. तो गात होता त्या खोलीतली वीज, त्याच्या माइकमधून आत आलेली. टेप सावकाश केली असती तर तीसुद्धा खाली आली असती. आता हा कान उघडा ठेवा आणि आपल्या मशीनची गुणगुण ऐका."

मी ऐकली. दोन्ही एकच. मला कळावं इतकं स्वच्छ एकच. मला आमचा फ्रिज आठवला.

"टेपला कुणी हात लावलेला नाही. आजारी माणूस होता, खाली बसून हळू गायला. त्याचंच गाणं आहे ते. आणि हे तपासायला मला पाच मिनिटं लागली. नोव्हेंबरमध्येही पाचच लागली असती."

मला त्यांचा राग आला, खोटं कशाला बोलू? ताकही फुंकून पिणारा माणूस, आमच्या आमटीत बोट घालून बघणारा, आणि स्वतःचं म्हणणं तेवढं न तपासता दुसऱ्याच्या गळ्यात घालतो! पण त्यांचा चेहरा बघून मी तोंड आवरलं. म्हटलं, "काका, आता डोरोथीला सांगू नका. म्हातारी गेली. आता सांगून तिला काय मिळणार? उगाच जखमेवर मीठ."

"सांगितलं नाही तर मी आणि ते डॉक्टर सारखेच." मंडळातले ते टेपवाले डॉक्टर. "आणि या वेळी तुम्ही मध्ये बोलू नका. मी बोलतो."

जेवणाच्या सुट्टीत ते पॅकिंगमध्ये गेले. मी मागोमाग. डोरोथीसमोर उभे राहून, शाळेत पाठ म्हणावं तसे, म्हणाले, "डोरोथी, आय मेड मिस्टेक. टेप इज नॉट स्लो. धिस इज युवर ब्रदर. ही सँग. ट्रू. आय डिड नॉट चेक. सॉरी."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिने ॲप्रन काढून घडी घातली आणि आमच्या टेबलावर येऊन बसली. हेडफोन लावला. या वेळी काढला नाही. शेवटचं गाणं तिने तीनदा ऐकलं. आम्ही दोघं उभेच. तिसऱ्यांदा तिचे ओठ हलत होते.

हेडफोन खाली ठेवून ती बोलली, अगदी हळू. मी मराठीत सांगायला लागले तर काकांनी हाताने थांबवलं. त्यांना समजत होतं.

"तुम्ही खोटं आहे म्हणालात ना मिस्टर के, तेव्हा मला बरं वाटलं होतं. तो परत आला नाही, म्हणजे मी त्याला चार वर्षं फोन केला नाही ते बरोबरच, असं मला वाटलं. दहा सेकंदं ऐकलं असतं तरी मला कळलं असतं. माझा भाऊ आहे तो. माझे कान होते की माझ्याकडे! ते बंद करून मी तुमचे उसने घेतले." आणि मग, "आई रोज विचारायची हो. रोज."

ती उठली. तिच्या जागी मी असते तर त्यांच्या थोबाडीत मारली असती. तिने फक्त ॲप्रन पुन्हा बांधला. पुढच्या आठवड्यात तिने कामाची पाळी बदलून घेतली. काकांशी तिचं बोलणं बंद झालं, माझ्याशी येताजाता हसण्यापुरतं राहिलं. मीच ना ते सांगितलं होतं तिला, जसंच्या तसं.

काका बदलले म्हणावं तर तसंही नाही. दुधाचा कार्टन हलवायचे थांबले नाहीत. पण टेपवर लाल फुली मारणं बंद केलं. चिठ्ठीवर 'ओके' नाही, 'नॉट ओके' नाही, नुसतं 'हर्ड' लिहायचे. ऐकलं, एवढंच. साहेब वैतागला, समजावून थकला. मार्चमध्ये काकांनी नोकरी सोडली. जाताना शर्टाच्या खिशातली कानस काढून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली, बिस्किटांच्या पुड्याशेजारी. म्हणाले, "ठेवा. मला आता घासायचं काही नाही."

उन्हाळ्याच्या तोंडावर आमचं टेक्सासला जायचं ठरलं. नवऱ्याला डॅलसजवळ अर्विंगला नोकरी लागली होती. सामान बांधून झालं, तेव्हा वाटलं, म्हाताऱ्याचा निरोप घ्यावा. रविवारी त्यांच्या घरी फोन केला तर सून म्हणाली, "बाबा रविवारी घरी नसतात. ट्रेनने नुअर्कला जातात. कुठे ते विचारलं की चिडतात. ताई, तुम्हाला ठाऊक आहे का? आम्हाला जरा संशयच येतो."

मला ठाऊक होतं. मुलीला कडेवर घेऊन मी चर्चच्या दारात पोचले तेव्हा गाणी सुरू झालेली. काका त्याच मागच्या बाकावर, कडेला. कोट, टाय, शेजारी पिशवी. त्यांनी मला पाहिलं नाही. पुढे मेळ्यात डोरोथी उभी होती. जवळ बसलेल्या बाईने मला सांगितलं, हा गृहस्थ फेब्रुवारीपासून दर रविवारी येतो, कुणाशी बोलत नाही, पहिल्यांदा आम्हाला वाटलं सरकारी माणूस आहे.

मग डोरोथी एकटी पुढे आली. ऑर्गनवाल्याने सूर धरला. तिने मान हलवली, खाली. त्याने खाली घेतला. तिने पुन्हा मान हलवली, आणखी खाली. मला सुरातलं फारसं कळत नाही, पण ते गाणं मी ओळखलं. रूबेनने म्हटलं होतं तसंच ती म्हणत होती, जड, सावकाश, न ओरडता. काकांची बोटं मांडीवर नव्हती. दोन्ही हात जोडून गुडघ्यांत धरले होते आणि डोळे मिटलेले. सूर कुठला हे ते पुटपुटलेही नाहीत.

लोक बाहेर पडायला लागले. डोरोथी मधल्या वाटेने येत होती, हातात हात घेत, गालाला गाल लावत. मागच्या बाकापाशी थांबली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

"कसं झालं, मिस्टर के?"

काका उठायला गेले, पण तिने हातानेच बसा म्हटलं. ते तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता सांगतील, कुठे चढली, कुठे उतरली.

"यू टेल," ते म्हणाले. "यू टेल, डोरोथी."

ती तिथेच उभी राहिली. माझी मुलगी कडेवर चुळबुळायला लागली म्हणून मी दाराकडे वळले, आणि वळताना पाहिलं, काकांनी शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली होती.